गेटावरली केसर

माझं डोरलं माझ्या गळ्यात पडायच्या आधीच तुटलं. भर लग्नाच्या सकाळी. मामी ते ताटातून उचलून बायकांना कौतुकानं दाखवत होती, तिच्या हातातल्या पाटलीत दोरा अडकला, तिनं घाईनं हिसडा दिला आणि काळे मणी सारवलेल्या जमिनीवर चौफेर उधळले. सोन्याच्या दोन वाट्या घरंगळत पाटाखाली जाऊन बसल्या.

खोलीत चाललेला गलका एकदम थांबला. लग्नाआधी डोरलं तुटणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, दोरा कच्चा असणार. पण नवरीनं असलं काही बोलायचं नसतं, म्हणून मी मान खाली घालून बसून राहिले.

"भाईर कुनी चकार शब्द काढायचा न्हाई," मामी म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मनी गोळा करा, आन सुई-दोरा आना कुनीतरी."

सुई-दोरा आला. चार सुवासिनी गोल करून बसल्या. मणी बारीक, सुई जाड. बारीक सुई शोधून आणली तर तिच्यात जाणारा दोरा कच्चा. एकीनं कसंबसं ओवलं आणि मोठ्या ऐटीत उचलून दाखवलं, तर वाट्यांच्या वजनानं गाठ सुटून सगळं पुन्हा तिच्या मांडीवर. आमच्याकडं डोरली गाठवून आणायची ती तालुक्याच्या पटवेकऱ्याकडून. घरात ते काम कुणालाच येत नव्हतं. बाहेर वाजंत्री वाजत होती, वऱ्हाडाचा चहा उरकत आला होता, आणि नवरीची तयारी झाली का म्हणून भटजींचा निरोप येऊन गेला होता.

आई या वेळी मागच्या कोठीत होती. तांदूळ, गूळ, सुपाऱ्या, जे मागतील ते काढून द्यायचं काम तिच्याकडं. काम कसलं, पांढऱ्या कपाळाच्या बाईला लग्नाच्या दिवशी नजरेआड ठेवायची ती रीत. माझे वडील पटकीत गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते, आणि आई विशीची. दुसरी लढाई संपल्यावर ती मला घेऊन खडकमाळला मामाकडं आली ती कायमचीच. त्यानंतर मामाच्या दारात किती मांडव पडले, पण आई एकाही मांडवात उभी राहिली नाही. सगळ्या लग्नांचे लाडू तिनं वळले आणि सगळ्या लग्नांत ती कोठीत बसली.

माझी एकच इच्छा होती. माझ्या लग्नात तरी तिनं मांडवात येऊन अक्षता टाकाव्यात. आदल्या दिवशी मी धीर करून मामाला तसं म्हटलंही होतं.

"कौशे, मला काय हौस हाय का तिला कोंडायची?" मामा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त लोकांना फार भ्यायचा. "पर तुज्या सासरची, निमगावची मानसं. त्यांची थोरली बाई लई कडक. तुज्याच संसाराला नाट लागंल."

आईनं ते ऐकलं आणि लगेच मध्ये पडली. "मी खिडकीतनं बघीन की. कोठीला खिडकी हाय."

त्या खिडकीतून मांडवाचा एक खांब आणि वाजंत्र्याचं ढोपर एवढंच दिसत होतं. मी जाऊन पाहून आले होते.

तर मण्यांचं काही जमेना, तेव्हा मी उठले, मामीच्या हातातली वाटी घेतली आणि कोठीत गेले. मामी "अगं, अगं" करत राहिली. नवरीला लग्नाच्या दिवशी कुणी ओढून धरत नाही, एवढा एक फायदा असतो.

"आई, तू ओव," मी म्हटलं.

आईनं वाटीकडं पाहिलं आणि दोन्ही हात मागं घेतले. "माजा हात न्हाई लागायचा त्याला, बाळ."

"दुसऱ्या कुणाचा लागून ते होईना. आणि मला तुझाच हवाय."

तिनं मग पदराला हात पुसले, कोनाड्यातला मेणाचा खडा घेतला आणि दोरा दुहेरी करून मांडीवर वळायला लागली. पुढं जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. ती मणी बघतही नव्हती. बोटं चालत होती आणि मणी आपसूक दोऱ्यात जात होते. शेवटी तिनं दोन्ही टोकं एकमेकांभोवती फिरवून एक गाठ घातली, ती ओढून पाहिली, आणि मग एका टोकाला बारीकसा झटका दिला तशी ती सपकन सुटली. तिनं ती पुन्हा घातली.

"हे कुठं शिकलीस?"

"गेटावर," ती म्हणाली.

गेट म्हणजे वाघजाळीच्या कारखान्याचं. आज वाघजाळीत जाऊन कारखाना कुठं होता असं विचारलंत तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील. ओढ्यापलीकडच्या माळावर दगडी कोठड्या आहेत, एकमेकींपासून लांब लांब, छप्पर उडालेल्या. प्रत्येकीच्या भोवती मातीचा उंच बांध. तिथं आता धनगर मेंढरं कोंडतात. मी पुढं एकदा मुद्दाम गेले होते. तिथल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थानं छाती फुगवून सांगितलं, की या जुन्या काळातल्या घोड्यांच्या पागा, आणि तोफेच्या गोळ्यांपासून घोडी वाचावीत म्हणून हे बांध घातलेले. मी म्हटलं, "असं होय." एवढ्या चिंचोळ्या दारातून घोडं आत जायचं कसं, हे काही मी विचारलं नाही. बिचारा फार खुशीत होता.

खरं म्हणजे पुण्याच्या एका शेठजीनं तिथं फटाक्यांचा कारखाना काढला होता. दुसरी लढाई सुरू झाली तसे दिवाळीचे बाण बंद झाले आणि पलटणीला लागणारे इशाऱ्याचे बाण सुरू झाले, अंधारात आभाळात सोडायचे, लाल नि हिरवा उजेड पाडणारे. गडीमाणसं एकतर पलटणीत, नाहीतर मुंबईला गिरणीत. म्हणून बाणांत दारू भरायला बाया घेतल्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बाया यायच्या. लढाई संपली, कारखाना बंद पडला, बाया घरोघरी गेल्या, आणि आपण तिथं कधी काम केलं होतं हे एकजात सगळ्या विसरल्या. का विसरल्या, ते मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. आई गेटावर बसून आत जाणाऱ्या बायांची झडती घ्यायची, एवढंच मी ऐकून होते.

आईनं डोरलं माझ्या हातावर ठेवलं, आणि तेवढ्यात दारात बायजाकाकू उभी राहिली.

बायजाकाकू म्हणजे नवऱ्या मुलाची थोरली चुलती, मामा जिला भीत होता ती निमगावची थोरली बाई. त्यांच्या घरात पान हलायचं ते तिच्या हुकमानं. ती सुपाऱ्या मागायला आली होती. तिनं माझ्या तळहातावरचं डोरलं पाहिलं, आईच्या मांडीवरचा दोरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

"कुनी ववलं हे?"

आई उठून उभी राहिली. मी म्हटलं, "मी सांगितलं तिला."

"तुला न्हाई इचारलं." ती वळली आणि तिनं असा आवाज चढवला की वाजंत्री थांबली. "अवं रंगनाथराव! या हिकडं! बघा तुमच्या भनीनं काय करून ठेवलंय! जित्या पोराच्या नावाचं डोरलं, आन ते रांडवंच्या हातनं?"

मामा धावत आला. मामी रडायला लागली. कोठीच्या दाराशी बायकांची ही गर्दी झाली. कुणीतरी तुटल्याचंही सांगून टाकलं, मग तर विचारूच नका.

"काकू, दुसरं आनतो," मामा हात जोडून म्हणाला. "तालुक्याला मानूस धाडतो."

"आन मुहूर्त? आन हिनं हात लावलाय त्याचं काय? ही पोरगी आमच्या घरात कुठलं पाऊल घिऊन येनार? वऱ्हाड माघारी न्यायला मला येळ लागत न्हाई, सांगून ठिवते."

मी घाबरले. लग्न मोडेल म्हणून नव्हे. तसं झालं असतं तर आईनं ते आपल्या कपाळी लावून घेतलं असतं आणि मग ती कोठीतूनसुद्धा बाहेर आली नसती. तिनं एकदा जरी तोंड उघडून स्वतःची बाजू मांडली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण ती उभी होती, पदर कपाळाच्या खाली ओढलेला, डोळे जमिनीवर.

"वरमाईला बोलवा," बायजाकाकू म्हणाली. "तिच्याच तोंडानं होऊन जाऊ दे."

वरमाई आली. गजराबाई. माझी होणारी सासू. मुलगी बघायला आले होते तेव्हा पुरुष आणि बायजाकाकू एवढीच माणसं होती, त्यामुळं मी त्यांना त्या सकाळीच पहिल्यांदा पाहत होते. लहानखुरी बाई, हिरवं लुगडं, जावेच्या मागं एक पाऊल राहून चालणारी. त्यांच्या मागोमाग माझे होणारे सासरेही येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना सगळे हवालदार म्हणत. ब्रह्मदेशच्या लढाईत तोफेच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळं इतका वेळ काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"बघ," बायजाकाकू म्हणाली आणि माझ्या हातातलं डोरलं ओढून गजराबाईंच्या हातात दिलं.

गजराबाईंनी ते उलटंपालटं केलं. गाठीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एका टोकाला बारीकसा झटका दिला, गाठ सपकन सुटली, आणि त्यांनी मान वर करून आईकडं पाहिलं.

आईनंही पदर थोडा मागं केला होता. दोघी एकमेकींकडं पाहत होत्या. मला एवढंच दिसलं, की आईच्या चेहऱ्यावर नवल अजिबात नव्हतं. तिनं या बाईला सकाळीच कधीतरी, खांबापाशी आलेली असताना त्या चिमूटभर खिडकीतून पाहून ओळखलं असलं पाहिजे.

"विहीनबाई," आई घाईघाईनं म्हणाली, "चुकी माजी हाय. तुमी मला वळखत न्हाई, म्याबी तुमास्नी कदी बघितलं न्हाई. नवं गाठवून घ्या. पोरीचा काय दोस न्हाई."

तिला कुणी विचारलंच नव्हतं की तू यांना ओळखतेस का. माझ्या ते लक्षात आलं. बायजाकाकूच्याही आलं असावं, कारण ती एकीकडून दुसरीकडं बघायला लागली.

"केसर, गप," गजराबाई म्हणाल्या.

"गजरे, तू हिला वळखतीस?"

"व्हय."

"कुठनं?"

गजराबाईंनी डोरलं मुठीत घट्ट धरलं. त्यांना अजून मागं फिरता आलं असतं. माहेरची ओळख आहे, जत्रेत भेटलो होतो, काहीही सांगता आलं असतं. आईच्या डोळ्यांत तेच लिहिलेलं होतं, सांग काहीतरी आणि सुट.

"वाघजाळीच्या कारखान्यातनं," गजराबाई म्हणाल्या. "लढाईच्या टायमाला म्या तितं दारू भरत हुते. तीन वर्सं."

"तवा तू म्हायेरी गेली हुतीस! आईच्या दुखन्याला!"

"आई ठनठनीत हुती, जाऊबाई. दुखनं पोटाला हुतं, आमच्या समद्यांच्याच. दुष्काळ हुता." त्या थांबल्या नाहीत. "कारखान्यात अंगावर धातू न्यायचा न्हाई असा कायदा. ठिनगी पडली तर समद्या कोठड्या उडतील. बांगड्या, जोडवी, डोरलं, समदं गेटावर काढायचं. बांगड्यांचं काय न्हाई. पर जित्या नवऱ्याचं डोरलं आपल्या हातानं कोन काढंल? आन दुसरीचं काढून ते पाप कोन डोक्यावर घील? समद्या गेटावर रडत उभ्या. मग सायब म्हनला, पांढऱ्या कपाळाची एखादी बाई आना, तिचं काय बिघडनार हाय. तशी ही आली. वटीत तान्ही पोर घिऊन."

ती तान्ही पोर म्हणजे मी. खुंट्यांवर ओळीनं डोरली टांगलेली असायची आणि खाली झोळीत मी निजायचे, हे मला पुढं गजराबाईंनीच सांगितलं.

"काढायची ही," त्या म्हणाल्या. "सांजंला आपलं आपन बांधायचं, असं ठरलं हुतं. पर दिसभर दारू भरून बोटांच्या भेगा उललेल्या, गाठ बसंना. एकीचं वाटंत गळून पडलं, सासूनं तिला घरात घेतली न्हाई. दुसऱ्या दिशी ही म्हनली, वळा पाठी, मी बांधते. समद्या एकमेकींच्या तोंडाकडं बघाय लागल्या. रांडव बाईनं काढलं तर काढलं, पर बांधायचं? मग मीच पयली वळले, आन हिनं एका झटक्यात सुटनारी हीच गाठ मारली. त्या दिसापास्नं हिनंच काढायचं नि हिनंच बांधायचं. घरी कुनी सांगायचं न्हाई म्हनून आमी देवाला हात लावून शपथ घेतली."

बायजाकाकूनं कपाळावर हात मारला. "अगं, आन तवा भावजी लढाईवर!"

"व्हय. लढाईवर."

"काय म्हंती ती?" उंबऱ्याबाहेरून हवालदारांनी विचारलं. "मला काय ऐकू आलं न्हाई. भाईर येऊन मोठ्यानं बोल."

इथं मला खरंच हसू येण्यासारखं होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. इतका वेळ जे चार बायकांत, कोठीच्या अंधारात होतं, ते आता मांडवात न्यायचं होतं. ज्या नवऱ्यापासून गजराबाईंनी इतकी वर्षं ते लपवलं, त्याच्याच बहिऱ्या कानात ओरडून सांगायचं होतं. त्यांनी एकदा डोळे मिटले. मग पुढं झाल्या, आईचं मनगट धरलं आणि तिला ओढत उंबऱ्याबाहेर, मांडवात नेलं. आई मागं खेचत होती. मी मुंडावळ्या सांभाळत त्यांच्या मागून गेले.

सगळं वऱ्हाड उठून उभं राहिलं. नवरा मुलगा पाटावर बसल्या जागी मान लांब करून बघत होता. भटजींनी पोथी मिटली.

"तुमी लढाईवर हुता तवा," गजराबाई ओरडून म्हणाल्या, "म्या वाघजाळीला दारूच्या कारखान्यात कामाला जात हुते! तुमच्या नावाचं डोरलं ह्या बाईनं रोज काढलं, आन ह्याच बाईनं रोज बांधलं! तीन वर्सं!"

पुढं मला कळलं, की त्या दिवशी वऱ्हाडात आणखी दोघी होत्या, वाघजाळीच्या माहेरवाशिणी, त्याच कारखान्यातल्या. दोघींनी पदर पुढं ओढले आणि दुसरीकडं बघितलं. मी त्यांना दोष देत नाही.

हवालदारांनी बायकोकडं पाहिलं, मग आईकडं.

"तीन वर्सं?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या पलटणीतले निम्म्याहून जास्त लोक तिकडंच राहिले होते, हे निमगावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

"आन मी जिता आलो," ते म्हणाले.

गजराबाईंनी मान हलवली.

"मग भटजीला थांबवलंय कशापायी?"

बायजाकाकू काहीतरी बोलायला गेली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. थोरल्या भावजयीपुढं त्यांनी हात वर केल्याचं निमगावच्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं म्हणतात. मला ते तेव्हा कळलं नाही. मी आईकडं बघत होते.

कारण गजराबाईंनी आईसमोर पाठ केली होती. मानेवरचा पदर बाजूला घेतला होता. "सोड," त्या म्हणाल्या.

"गजरा, नको गं," आई पुटपुटली. "समदं गाव बघतंय."

"बघू दे. सोड."

आईनं त्यांच्या मानेवरची गाठ सोडली. भर मांडवात, नवरा समोर उभा असताना, गजराबाईंचा गळा मोकळा झाला आणि कुणीतरी "अगंबाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. गजराबाई ताठ उभ्या होत्या. हवालदारही.

"आता बांध," त्या म्हणाल्या.

आईनं बांधलं. गजराबाई वळल्या, मुठीतलं माझं डोरलं त्यांनी आपल्या लेकाच्या हातात दिलं आणि भटजींना म्हणाल्या, "म्हना तुमचं."

मंगलाष्टका झाल्या. यांनी डोरलं माझ्या गळ्याभोवती धरलं आणि नवऱ्या मुलांचं नेहमी होतं तसं गाठीपाशी येऊन अडले. अशा वेळी कुणीतरी सुवासीण पुढं होऊन गाठ मारते. दोघीतिघी पुढं झाल्याही.

"मागं व्हा," माझी सासू म्हणाली. "केसर, ये."

माझ्या मानेवर आईची बोटं लागली. गाठ क्षणात बसली, तरी तिनं हात लगेच काढले नाहीत. मग तिनं कुणाच्या तरी ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या आणि समोर येऊन, मांडवात उभं राहून, माझ्या डोक्यावर टाकल्या.